पाटी, आगम आणि हक्क : 'टायटल' या शब्दाची कुळकथा

इंदूरच्या राजवाड्यापासून थोडे चालत गेले की कान्ह नदीवरचा पूल लागतो आणि पुलालगत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या दिसतात. बाहेरगावचा पाहुणा बरोबर असला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही छत्री कोणाची?" उत्तर कठीण नाही. एक यशवंतराव होळकरांच्या पत्नी कृष्णाबाईसाहेबांची, एक तुकोजीराव दुसरे यांची, एक शिवाजीरावांची. कृष्णाबाईंच्याच नावाने हा भाग कृष्णपुरा म्हणून ओळखला जातो. पाहुण्याचे समाधान होते आणि आम्ही पुढे निघतो.

मात्र तीस वर्षे वकिली केल्यामुळे मला त्या 'कोणाची' या शब्दात दोन प्रश्न ऐकू येतात. छत्री कोणाच्या नावाची, हा एक. आणि छत्री कोणाच्या मालकीची, हा दुसरा. मराठीची षष्ठी विभक्ती हे दोन्ही अर्थ एकाच प्रत्ययात सामावून घेते. संदर्भाने आपण अर्थ लावतो, म्हणून रोजच्या बोलण्यात घोटाळा होत नाही. न्यायालयात मात्र होतो, आणि त्याची किंमत कधी कधी एखाद्या कुटुंबाला राहत्या घराने मोजावी लागते.

इंग्रजीत हेच दोन अर्थ एका नामात एकत्र आले आहेत. तो शब्द 'टायटल'. पुस्तकाचे नाव ते टायटल, 'सर' किंवा 'रावबहादूर' हे टायटल, आणि जमिनीवरचा मालकीहक्क हेही टायटलच. आपल्याकडे निबंधकाच्या कचेरीबाहेर बसणारा दस्तलेखकसुद्धा "टायटल क्लिअर आहे का?" असे विचारतो. नाव आणि हक्क या दोन निराळ्या गोष्टी एका शब्दात कशा आल्या, आणि आपल्या भाषेने त्या निराळ्या ठेवल्या होत्या काय, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन 'टिटुलस'. त्याचा जुना अर्थ अगदी साधा आहे : पाटी. समाधीवरचा कोरीव लेख टिटुलस, पुतळ्याच्या बैठकीवरचा लेखही टिटुलस. विजयी सेनापती रोम नगरीत मिरवणुकीने प्रवेश करी, तेव्हा जिंकलेल्या नगरांची नावे लिहिलेल्या पाट्या पुढे चालत. पाँटसच्या विजयानंतर ज्युलियस सीझरने आपल्या मिरवणुकीत जी जगप्रसिद्ध तीन शब्दांची पाटी मिरवली, तिलाही रोमन चरित्रकार सुएटोनियसने हाच शब्द वापरला आहे. म्हणजे कृष्णपुऱ्याच्या छत्रीवर पाहुणा जे शोधतो, तो मूळ अर्थाने टिटुलसच होय.

या शब्दाचा एक प्राचीन उपयोग वकिलाला विशेष अस्वस्थ करणारा आहे. रोमच्या बाजारात गुलाम विक्रीस उभा केला की त्याच्याबरोबर पाटी असावी, असा बाजार-अधिकाऱ्यांचा हुकूम होता. त्या पाटीवर त्याला कोणता रोग वा दोष आहे, तो पळून जाणारा आहे काय, त्याच्या एखाद्या अपराधाचे दायित्व अजून फिटावयाचे आहे काय, हे गिऱ्हाइकास नीट समजेल असे लिहावे लागे. आज आम्ही घर घेणाऱ्यासाठी तीस वर्षांचा शोध घेतो आणि मिळकतीवर गहाण, जप्ती, दावा असा काही बोजा नाही ना, हे पाहतो. त्या शोधाचा पूर्वज माणसाच्या विक्रीच्या पाटीवर सापडावा, हे कायद्याच्या इतिहासाचे कटू सत्य आहे. पाटीवर त्या माणसाविषयी सारे काही होते. त्याचा स्वतःचा हक्क तेवढा नव्हता.

पाटीपासून हक्कापर्यंतचा प्रवास रोमन कायद्यातून झाला. दुसऱ्याची वस्तू दीर्घकाळ ताब्यात ठेवून मालकी मिळवावयाची असेल, तर केवळ ताबा पुरत नसे. तो ताबा कोणत्या न्याय्य कारणाने आला, खरेदीने, दानाने की वारशाने, हे सांगावे लागे. या कारणाला पुढे टिटुलस म्हणू लागले. आपल्या ताब्यावर जणू एक पाटी लावावयाची : 'खरेदीने', 'दानाने'. शब्द तोच राहिला. पाटीवर आता नावाऐवजी कारण आले.

इंग्रजीत हा शब्द प्रथम थेट लॅटिनमधून आणि नंतर फ्रेंचमधून पुन्हा आला. आरंभी अर्थ लेख आणि मथळा असाच होता. पुस्तकाचे नाव, मग मालकीचा आधार, आणि त्याहून उशिरा मानाची पदवी, असे अर्थ काही शतकांत त्याला येऊन चिकटले. 'एन्टायटल' या क्रियापदाचीही तीच कथा. पहिला अर्थ पुस्तकाला नाव देणे. त्यातून निघाला हक्कदार ठरवणे. आज कल्याणकारी योजनांच्या संदर्भात ज्याला 'एन्टायटलमेंट' म्हणतात, त्याच्या मुळाशी मथळा लिहिण्याची क्रिया आहे. याच टिटुलसचे आणखी एक वंशज म्हणजे स्पॅनिश लिपीत अक्षराच्या डोक्यावर येणारी नागमोडी खूण, टिल्डे. अनुस्वाराच्या एका टिंबावरून जुन्या दस्तांचे वाद झालेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे भाऊबंद ओळखीचे वाटतील.

आता आपल्या शब्दांकडे वळू. धर्मशास्त्राने या विषयासाठी जो शब्द घडवला तो 'आगम'. आगम म्हणजे येणे. वस्तू तुझ्याकडे आली कोठून, हा त्यातला प्रश्न. त्याच्या समोरचा शब्द 'भोग', म्हणजे प्रत्यक्ष ताबा आणि उपभोग. याज्ञवल्क्य स्मृतीचा सिद्धान्त असा की भोगापेक्षा आगम बलवत्तर. अपवाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भोगाचा. आणि आगमालाही, थोडासुद्धा भोग नसेल, तर बळ नाही. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात, कल्याण नगरीत. ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानच्या मोठ्या भागातील हिंदूंचा वारसा ज्या ग्रंथाने ठरवला, तो आपल्या सीमाभागात लिहिला गेला, याचे स्मरण येथील वाचकाला असावे.

दुसरा शब्द 'हक्क'. हा अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ सत्य. जे खरे आहे, ठरलेले आहे, ज्याला नाकारता येत नाही, ते हक्क. 'हकीकत' हा त्याच कुळातला शब्द. म्हणून 'हक्काचे घर' असे आपण म्हणतो, तेव्हा कागदपत्रांच्या पलीकडचे काही सांगत असतो.

तिसरा शब्द 'किताब', आणि तो मोठा गमतीचा आहे. अरबीत पुस्तकाला 'किताब' म्हणतात, तर संबोधन वा पदवीला 'खिताब'. दोन्हींचे धातू वेगळे. इंदुरात माझे हिंदीभाषक मित्र हा भेद कसोशीने पाळतात. मराठीने मात्र 'ख'चा 'क' करून दोन्ही शब्द एका रूपात आणले. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १८ चा मथळा 'किताब नष्ट करणे' असाच आहे. त्याचा पुस्तकांशी अर्थातच संबंध नाही. इंग्रजीत ग्रंथाचे नाव आणि माणसाची पदवी एका शब्दात आली ती अर्थविस्ताराने. मराठीत ग्रंथ आणि पदवी एका शब्दात आले ते उच्चाराच्या योगायोगाने.

ध्यानात येईल की लॅटिन शब्द विचारतो, 'काय लिहिले आहे?' संस्कृत शब्द विचारतो, 'आले कोठून?' अरबी शब्द विचारतो, 'खरे काय?' इंग्रजीने हे तिन्ही प्रश्न 'टायटल'मध्ये कोंबले. मराठीत ते सुटे होते. त्यांचे सुटे असणे किती उपयोगी आहे, हे होळकरांच्या घराण्यातच पाहता येते.

मल्हारराव होळकर १७६६ साली वारले. माळव्याच्या राजकारणातील एवढा मोठा पुरुष, पण त्यांचा किताब साधा होता : सुभेदार. नातू मालेराव १७६७ मध्ये गेले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि रघुनाथरावांना त्यात ओढले. अहिल्याबाईंनी तो मानला नाही. थोरल्या माधवराव पेशव्यांनी सुभेदारीची वस्त्रे तुकोजी होळकरांना दिली. कारभार अहिल्याबाईंच्या हाती राहिला. किताब एकाकडे, सत्ता दुसरीकडे, आणि या व्यवस्थेवर १७९५ पर्यंत राज्य सुरळीत चालले. त्यातही बाईंनी राज्य शंकराच्या चरणी वाहिले अशी परंपरा असून, होळकरांच्या आज्ञापत्रांवर 'श्रीशंकर' हे नाव येते. पाटीवर देव, सुभेदारीवर तुकोजी आणि निर्णय बाईंचा. 'टायटल कोणाचे?' या प्रश्नाला येथे एका शब्दात उत्तर देता येणार नाही.

पुढे उलटे झाले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील सर्व मुलूख त्यांनी सोडला. तेव्हा गादीवर कृष्णाबाईंचे अल्पवयीन पुत्र मल्हारराव होते. मुलूख गेला, पण किताब राहिले आणि इंग्रजी अमदानीच्या दस्तऐवजांत 'महाराजाधिराज राजराजेश्वर सवाई' अशी त्यांची लांबी दिसते. ज्यांच्याकडे अर्धा माळवा होता ते सुभेदार, आणि ज्यांना फौज ठेवण्यासही परवानगी लागे ते राजराजेश्वर! नाव वाढणे म्हणजे हक्क वाढणे नव्हे, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण शोधून मिळणार नाही.

आगमाचा प्रश्न १८४४ साली उभा राहिला. खंडेराव होळकर निपुत्रिक वारले. कृष्णाबाईंच्या पसंतीने आणि रेसिडेंट रॉबर्ट हॅमिल्टन याच्या पाठिंब्याने भाऊ होळकरांचे पुत्र तुकोजीराव गादीवर बसले. दरबाराच्या दृष्टीने हा घराण्यातला वारसा होता. कंपनी सरकारच्या दृष्टीने मात्र मूळ वंश संपला होता आणि गादी ही आपण दिलेली देणगी होती. गादी तीच, बसणारा तोच, पाटीवरचे नावही तेच. वाद होता तो फक्त 'आले कोठून?' याविषयी. या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून असते. देणगी परत घेता येते, वारसा घेता येत नाही. संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा १८६२ साली मिळाल्या तेव्हा ही टांगती तलवार काहीशी दूर झाली. कृष्णपुऱ्यात कृष्णाबाई आणि तुकोजीराव यांच्या छत्र्या जवळ जवळ आहेत. त्यांच्यामधून चालताना हा जुना वाद मला आठवल्याशिवाय राहत नाही.

अखेरचे महाराज यशवंतराव १९६१ साली वारले आणि भारत सरकारने कन्या उषादेवींना उत्तराधिकारी म्हणून मान्यता दिली. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने सर्वच संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपुष्टात आणले. किताबाची पाटी उतरली. मिळकतींचा प्रश्न मात्र उरला.

हा प्रश्न इंदुरात आजही जिवंत आहे. होळकर राण्यांची 'खासगी' ही दौलतीपासून वेगळी जहागीर. तिच्यातून देशभरचे घाट, मंदिरे, धर्मशाळा यांचा खर्च चाले. मध्य भारतात विलीनीकरण झाले, तेव्हा खासगीच्या मिळकती व उत्पन्न सरकारजमा मानावे आणि त्याबदल्यात सरकारने दरसाल २,९१,९५२ रुपये या धर्मादायासाठी कायमचे राखून ठेवावेत, असे ठरले. १९६२ साली विश्वस्त संस्था स्थापन झाली. पुढे काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद पेटला. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य शासनाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये त्यात फेरफार करून या संस्थेस मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो आणि तिने नोंदणी केली पाहिजे, असे ठरवले. घाटांवर अहिल्याबाईंचे नाव आहे, याविषयी कोणाचाच वाद नव्हता. सव्वादोनशे वर्षांनंतर न्यायालयात झगडा झाला तो नावामागच्या आगमाचा.

पाटी आणि हक्क पूर्णपणे एक करून टाकण्याचा प्रयत्न जगात झालेला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स याने १८५८ साली अशी पद्धत आणली की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक. मागचा शोध घेण्याची गरजच नाही. व्यवहार सोपा झाला. पण त्याच खंडात, ज्यांच्याजवळ नोंदवही नव्हती, त्यांची जमीन कोणाचीच नाही असे मानले गेले. अखेर ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पीठाने मान्य केले की मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क इंग्रज येण्यापूर्वीपासून होता आणि तो कागदाअभावी नाहीसा झालेला नाही. त्या हक्काला नाव मिळाले 'नेटिव्ह टायटल' : पाटी नसलेले टायटल.

भारतात कायदा टॉरेन्सच्या वाटेने गेला नाही. १९०८ चा नोंदणी कायदा दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात त्याला आमच्याकडे 'नामांतरण' म्हणतात. शब्द प्रामाणिक आहे; बदलते ते नाव. महसुली नोंद ही सारावसुलीपुरती असते, तिने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मध्य प्रदेशातील एका प्रकरणात २०२१ साली पुन्हा तेच सांगितले. तरीही लोक समजतात की नाव लागले म्हणजे मालक झालो. याहून घातक समजूत दुसरी : नाव नाही, म्हणजे आपण कोणीच नाही.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. जुन्या वस्तीतील घर, पती वारलेले, मालमत्ता कराचे खाते थोरल्या दिरांच्या नावे. दीरही गेले होते आणि पुतण्यांनी घर विकावयास काढले होते. बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, माझं नाव कुठेच नाही. नुसतं राहायला तरी मिळेल का, एवढंच विचारायला आले." त्यांच्याबरोबर पत्र्याची एक पेटी होती. तिच्या तळाशी मोडी लिपीतील खरेदीखत निघाले, होळकरशाहीतले. ते वाचून देणारा माणूस शोधण्यात तीन आठवडे गेले. खरेदी आजेसासऱ्यांची होती. त्यांच्यानंतर सासरे एकटेच वारस, सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते, मुलगे दोन. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पतीचा वाटा पत्नी आणि मुलीकडे आलेला होता. कराच्या खात्यावरील एका नावाने त्यांतले काहीही पुसले गेले नव्हते. दाव्यात तडजोड झाली आणि निम्मे घर मायलेकींच्या हिश्श्यास आले. हुकूमनाम्याची नक्कल हाती घेऊन त्यांनी विचारले, "म्हणजे हे आधीपासूनच माझं होतं?" होय, होते. पाटी नव्हती, आगम होता.

म्हणूनच अलीकडे काही छापील अर्जांत 'जमिनीचे शीर्षक स्पष्ट असावे' असे वाक्य दिसते, तेव्हा वाईट वाटते. ते केवळ भाषांतर चुकलेले नाही. 'शीर्षक' म्हटले की प्रश्न पुन्हा पाटीवर येऊन थांबतो. 'मालकीहक्क' म्हणावे, आणि हक्क कसा आला हे विचारावयाचे असेल तर 'आगम' हा हजारो वर्षांचा शब्द अजून धडधाकट आहे. 'टायटल' हा रुळलेला शब्द बोलण्यातून घालवावा असे माझे म्हणणे नाही. त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत एवढे ध्यानात असावे.

सीमाभागातील वाचकांना पाटीचे महत्त्व मी सांगावयास नको. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बदलले, तेव्हा अनेकांना काही हिरावले गेल्यासारखे वाटले. त्या वेदनेचा मी अनादर करीत नाही. पण महाराष्ट्राने २००४ साली अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात जो दावा दाखल केला, त्याचा निर्णय पाटीवर व्हावयाचा नाही. पाटी बदलल्याने आगम पुसत नाही. तसेच आपल्या लिपीतील जुनी पाटी सापडली म्हणून आगम आपोआप सिद्धही होत नाही. तिच्यामागचे दस्त, दप्तरे, पिढ्यांचा वावर हे जपावे आणि वाचता यावे. मोडी वाचणारे एक माणूस प्रत्येक गावात तयार करणे, हे एखाद्या पाटीइतकेच मोलाचे काम आहे.

कृष्णपुऱ्याच्या पुलावरून परतताना कोणी पुन्हा विचारले, "ही छत्री कोणाची?", तर मी आता आधी विचारतो : नाव हवे, की हक्क?